एक हात रवलो हा

पेंटरमामांच्या तोंडून 'झालं' हा शब्द आमच्या लालबागच्या चाळीत कुणी ऐकला नव्हता. जिन्याचा कठडा असो की मंडळाचा फलक, ब्रश धुता धुता ते म्हणायचे, "एक हात रवलो हा." हात म्हणजे रंगाचा थर, आणि मामांच्या मालवणीत 'रवलो' म्हणजे राहिला. तो कधी पडणार हे विचारणाऱ्याला मामा चहा पाजायचे आणि विषय तिथेच संपायचा.

अशा माणसाच्या ताब्यात मी बाबांची जुनी गाडी दिली, हा माझाच मूर्खपणा. बाबांची नजर झपाट्याने जात होती आणि गाडी पुन्हा निळी झालेली त्यांना एकदा बघायची होती. मामांनी दिवाळीपर्यंत पत्रा घासला, लांबी भरून खड्डे बुजवले, राखाडी प्रायमर मारला आणि थांबले. समोर टॉवरचा पाया खणत होते. "ह्या धुळीत निळो मारलंय तर गाडी भाकरीसारखी दिसतली. संक्रांतीक कामगार गावाक जातले, आठ दिस काम बंद. तेव्हा मारतंय."

तोवर प्रायमर सांभाळायचा होता. मामांनी मंडळाच्या मांडवाचं गुलाबी-पांढरं जुनं कापड आणून गाडीवर घातलं. रोज सकाळी ते झटकायचे, दवाने ओलं झालेलं दोरीवर वाळवायचे आणि पुन्हा घालायचे. "गाडीक वारो लागाक व्हयो," म्हणायचे. चाळीतल्या एका आजींनी आत देव आहे समजून बॉनेटवर जास्वंद ठेवली. मला या सोहळ्याचा भयंकर वैताग यायचा. डिसेंबरात मामा पंधरा दिवस म्हणून गावी गेले, तेव्हा मी ते कापड फेकून दिलं आणि पावसाळ्यातली प्लास्टिकची ताडपत्री गाडीवर करकचून बांधली. आम्हा मुंबईकरांना झाकायचं म्हटलं की दुसरं काही सुचतच नाही.

मामा परतले ते थेट संक्रांतीला. टॉवरचं काम थांबलं होतं. त्यांनी ताडपत्री उचलली, तर आतून पाणी निथळत होतं. प्रायमरला फोड आले होते, कडांना गंज धरला होता. "गाडीक घाम फुटलो," एवढंच ते म्हणाले. चार शिव्या घातल्या असत्या तर मला बरं वाटलं असतं. ते आठही दिवस पुन्हा घासण्यात आणि प्रायमर मारण्यात गेले. नवव्या दिवशी धूळ सुरू झाली.

माघात बाबांना अगदीच दिसेनासं झालं. एका सकाळी त्यांनी हट्ट धरला म्हणून मी त्यांना हाताला धरून खाली आणलं.

"रंग झाला का रे?" त्यांनी मामांना विचारलं.

मामांनी राखाडी गाडीकडे पाहिलं, मग माझ्याकडे.

"झालो. निळो एकदम. ओलो आसा, हात लावू नको."

बाबा हसले आणि बराच वेळ वास घेत उभे राहिले. मी मात्र मान वर करू शकलो नाही.

पुढच्या आठवड्यात बाबा गेले. समोरचा पाया भरून झाल्यावर, फाल्गुनात मामांनी गाडीला निळा रंग दिला. इतकी नितळ गाडी मी कधी पाहिली नव्हती.

"झाली ना आता?" मी विचारलं.

मामा खाली मान घालून स्प्रेगन धूत होते. "एक हात रवलो हा," ते म्हणाले.

कधी, ते मी विचारलं नाही.