काळिया गेला कुठं?

पालघरहून सुमनच्या भाचीचा फोन आला तेव्हा मी कणीक मळत होते. ‘मावशी गेली,’ एवढंच ती म्हणाली. साठच्या दशकात सुमन आणि मी केळव्याच्या पुढं, खाडीकाठच्या एका गावात शिक्षिका होतो. एकाच खोलीत राहायचो आणि आमटीतल्या मिठावरून भांडायचो. ती गेल्याचं अजून मनाला पटत नाही.

सुमन मुलांना पुराणातल्या गोष्टी सांगायची, पण गोष्ट संपली तरी त्यांना सोडायची नाही. पुढं काय झालं, झळ कुणाला लागली, हे त्यांच्याकडूनच काढून घ्यायची. एकदा कृष्णानं काळियाला यमुनेतून काढून समुद्रात धाडलं, इथवर येऊन तिनं विचारलं, ‘गोकुळ सुटलं. पण काळिया गेला कुठं?’ दुसरीकडं मुलांनी टाळ्या वाजवल्या असत्या. इथं कोळ्यांची पोरं होती. भिमी ताडकन उठली. ‘बाय, म्हंजे तो आमच्या दर्यात आला! आमच्या मावऱ्याचं, मासळीचं काय?’ सुमन इतकी खूश झाली की तिनं फळ्यावर नदी, खाडी, समुद्र काढला आणि कुठल्या काठावर कोण राहतं, ते मुलांकडून भरून घेतलं.

नेमकं तेव्हाच गावात बांधाचं घाटत होतं. भरतीचं पाणी नारळी-केळीच्या वाड्यांत शिरून विहिरी खारट व्हायच्या, म्हणून वाडीवाल्यांना ते अडवायचं होतं. भिमीनं घरी विचारलं, ‘मंग ते पाणी जाईल कुठं?’ हां हां म्हणता अख्खा कोळीवाडा तेच विचारू लागला, आणि सुमनला देवळात बोलावणं आलं.

ती संध्याकाळ मला आजही लख्ख आठवते. वाडीवाले एका बाजूला, कोळी दुसऱ्या... सरपंच अण्णांच्या शब्दावर नोकरी जायची, आणि सुमनच्या पगारावर तिची आई नि भाऊ जगत होते. अण्णा म्हणाले, ‘देवाच्या करणीत खोट काढता, बाई? माफी मागा, नायतर शाळेची पायरी चढायची नाय.’ मी तिचा पदर ओढला. माग गं एकदाची, असं ओरडावंसं वाटत होतं. सुमननं पदर सोडवून घेतला. ‘कृष्णाच्या मी पाया पडते, अण्णा. पण त्यानं काळियाला जागा दाखवली होती. तुम्ही पाण्याला कुठली जागा दाखवणार?’ भिमीची आजी उठली. ‘आमची घरं दाखवतील, आनखी काय!’

माफी तिनं मागितली नाही. महिनाभरात दूर डोंगरातल्या गावी बदली झाली. एसटीत बसवताना मला तिचा रागच आला होता, आणि तो मी बोलूनही दाखवला. पुढं बांध झाला, पण मागं सरकवून, भरतीला पसरायला खारी पड जमीन मोकळी ठेवून. सुमनचं नाव मात्र कुणी काढलं नाही.

तिला खरकटं पाणीसुद्धा नुसतं फेकून येता यायचं नाही. खोलीमागं बादली ओतली की ते कुठवर जातं, हे पाहत उभी राहायची, आणि मी आतून ओरडायची, ‘ये गं आता, चहा निवतोय!’ परवा अंगणात बादली ओतली आणि माझी मीच उभी राहिले. पाणी शेजारणीच्या ओट्याकडं वळलं. मी फावडं आणून त्याला माझ्याच माडाच्या बुंध्याशी वाट करून दिली. आत चहा पार निवला होता... ओरडायला कुणी नव्हतं.