हेल्मेट माझ्या हातात होतं

ही गोष्ट मी बायकोलाही सांगितलेली नाही. चर्चमध्ये फादरसमोर गुडघे टेकले, तेव्हा बाकीचं सगळं भडाभडा बोललो आणि या गोष्टीपाशी येऊन थांबलो. आज तुम्हाला सांगतोय — तुम्हालाच का, ते मलाही ठाऊक नाही.

कोच डॅन आमच्या घरचाच झाला होता. अमेरिकन फुटबॉल खेळलेला धिप्पाड गडी — चेंडू काखेत मारून, धडका देत धावतात ना, तो खेळ. कॉलेजच्या टीममध्ये त्याचा मोठा दरारा होता म्हणे. पण डोक्याला इतके मार बसले, की खेळणं सुटलं आणि तो दुबईत पोरांचा कोच झाला. शारजाला, अल मजाजमधल्या आमच्या फ्लॅटवर जेवायला यायचा, बायकोची बोंबलाची चटणी नाक पुसत पुसत खायचा आणि मग खाली पार्किंगमध्ये स्वतःचीच गाडी शोधत फिरायचा. विसरायचा हो बिचारा. माझं नाव तर त्याला कधीच आठवलं नाही, 'हबीबी', म्हणजे अरबीत 'दोस्ता', म्हणून वेळ मारून न्यायचा. फार जीव होता माझा त्याच्यावर.

एक नियम मात्र तो कधी विसरला नाही. ज्याच्या डोक्याला मार बसेल, त्याचं हेल्मेट काढून घ्यायचं. हेल्मेट नाही, तर मैदानात पाऊल नाही. ती हेल्मेटं सांभाळायचं काम माझ्याकडे होतं. का? त्याचा माझ्यावर विश्वास होता म्हणून.

फायनलला माझ्याच पोराला, एरनला, धडक बसली. उठला, पण पाय लटपटत होते. कोचने त्याचं हेल्मेट माझ्या हातात दिलं. "खलास, हबीबी." सामना संपत आला होता, आम्ही थोडक्यात मागे होतो. एरन माझ्याजवळ आला. "पपा, आय ॲम फाइन. प्लीज." कोचची पाठ आमच्याकडे होती. स्टँडमध्ये माझे ऑफिसवाले बसले होते, मीच हौसेने बोलावलेले. पोराचा हट्ट मोडवेना, असं म्हणू? नाही — मलाच त्यांच्यासमोर मिरवायचं होतं. मी हेल्मेट देऊन टाकलं.

पुढच्याच धडकेत एरन पडला, तो थेट हॉस्पिटलात शुद्धीवर आला. देवाच्या दयेने ठणठणीत बरा झाला. पण तो सामना त्याला अजिबात आठवत नाही.

क्लबच्या लोकांनी विचारलं, पोराला परत कोणी पाठवलं? मी तिथेच बसलो होतो. कोच कितीतरी वेळ आठवत राहिला. मग म्हणाला, "मीच पाठवलं असणार. आठवत नाही मला." आणि त्याने माझ्याकडे पाहिलं — मी काही सांगेन म्हणून? मी माझ्या बुटांकडे बघत राहिलो.

त्याला कोणी काढलं नाही. त्यानेच कोचिंग सोडलं. ज्या डोक्याचा मलाच भरवसा नाही, त्याच्यावर पोरं कशी सोपवू, म्हणाला. एअरपोर्टवर सोडायला मीच गेलो. तिथे मला मिठी मारून तो रडला, माझ्या मुलासाठी माझी माफी मागितली. आणि मी काय केलं? त्याची पाठ थोपटली. त्याला माफ केलं — मी!

अजूनही रविवारी अमेरिकेहून त्याचा फोन येतो. माझं नाव त्याला आजही आठवत नाही. एरनचं मात्र आठवतं. "हबीबी, एरनचं डोकं कसं आहे?" तो पहिलं हेच विचारतो.

बरं आहे, मी म्हणतो.