ऑडिटरांच्या गाडीचं मायलेज

"सेतुराव, तुमच्या लेटरहेडवर दोन ओळी लिहून द्या. गाडींत दोष नाहीं म्हणून. पुढचं मी पाहतों."

ऑडिटर व्यंकोबाराव माझ्या टेबलासमोर बसून हे सांगत होते. बाहेर शेडमध्ये त्यांची पांढरी अँबेसिडर उभी होती आणि तिच्या मडगार्डला टेकून त्यांचा ड्रायव्हर मुरुगेसन. मध्ये भिंतही नव्हती, नुसतं छातीइतकं पार्टिशन. तरी ऑडिटर बिनधास्त बोलत होते, कारण बोलणं मराठीत चाललं होतं आणि मुरुगेसन तमिळ.

आम्हा तंजावरच्या मराठी लोकांची ही जुनी खोड. राजवाड्याच्या आसपासच्या गल्ल्यांत आमची घरं, तीनशे वर्षं इथेच. बाजारात, बसमध्ये, लग्नाच्या पंगतीत बाकी सगळं तमिळमध्ये. पण समोरच्या माणसाविषयी त्याच्या तोंडावर काही बोलायचं असलं की लगेच मराठी. फुकटात मिळालेला पडदाच तो.

मी तेव्हा नव्या बस स्टँडजवळच्या एका वर्कशॉपमध्ये सर्व्हिस इन-चार्ज होतो. आखाती युद्ध होऊन गेलं होतं, पेट्रोल महागलं होतं. आयात खुली होणार, परदेशी गाड्या येणार, अशा बातम्या रोज पेपरात यायच्या. आमच्याकडे येणारं गिऱ्हाईक मात्र एकच प्रश्न घेऊन यायचं: मायलेज किती देते? मायलेज म्हणजे एका लिटरमध्ये किती किलोमीटर, एवढंच. ऑडिटरांची गाडी पूर्वी साडेनऊ द्यायची. चार महिन्यांपासून ती सहावर आली होती.

पंधरा दिवसांपूर्वी तीच गाडी मी तपासली होती. स्पार्क प्लगवर काजळी होती, ती साफ केली. कार्ब्युरेटर, म्हणजे पेट्रोल आणि हवा यांचं मिश्रण करणारा भाग, तो सेट केला. टायरमध्ये हवा भरली, ब्रेक घासत नाहीत ना ते पाहिलं. मग बाटली टेस्ट घेतली. टाकीची नळी सोडवायची, एक लिटर पेट्रोलची बाटली जोडायची आणि गाडी थांबेपर्यंत चालवायची. मी एकट्याने वल्लमच्या रस्त्याने चालवली. साडेनऊ किलोमीटरवर गाडी थांबली. मी खूश होऊन ऑडिटरांना फोन केला.

आता त्या माझ्या खुशीचा हिशेब ते माझ्यासमोर मांडत होते.

"तुम्ही चालवलंत तर साडेनऊ. तो चालवला तर सहा. मी स्वतः पुढच्या सीटवर बसून काटा पाहतों, चाळीसच्या वर जाऊ देत नाहीं. मग साडेतीन कुठं गेले? टाकींतून काढून विकतो. चोर आहे तो. उद्या त्याला नक्को म्हणून सांगणार, पण पंधरा वर्षं कामाला असलेला माणूस, कागद हातीं पाहिजे."

मी म्हणालो, "राव, जरा गाडी पुन्हा पाहू द्या."

"पाहा. कागद संध्याकाळीं द्या," असं म्हणून ते रिक्षाने ऑफिसला गेले.

मी बॉनेट उघडलं. मुरुगेसन शेजारी येऊन उभा राहिला. पन्नाशीचा, कपाळावर विभूती, खाकी शर्टाचं वरचं बटणसुद्धा लावलेलं. मी त्याला तमिळमध्ये विचारलं, गाडीला काय झालं असं वाटतं? तो मराठीत म्हणाला, "तिचा श्वास अडकतो, सार. चार महिने सांगतों. कोणी ऐकत नाहीं."

माझ्या हातातला पाना तसाच राहिला.

"तुला मराठी येतं?"

"पंधरा वर्षं पुढं बसून ऐकतों. ते मागं बसून घरचं, ऑफिसचं सगळं बोलत. येईना तर काय?" मग इंजिनकडे बघत म्हणाला, "आजचंही कळलं."

मला मेल्याहून मेल्यासारखं झालं. चोर हा शब्द माझ्या टेबलावर उच्चारला गेला होता आणि मी त्यावर हूं की चूं केलं नव्हतं. वर तो शब्द उभा होता माझ्याच टेस्टवर.

मी प्लग काढले. पंधरा दिवसांपूर्वी चकचकीत केलेले प्लग पुन्हा काळेकुट्ट. तेव्हा माझ्या डोक्यात प्रकाश पडला. टाकीतून पेट्रोल चोरलं तर ते इंजिनपर्यंत पोचतच नाही. चोरलेलं पेट्रोल प्लगवर काजळी धरत नाही. काजळी याचा अर्थ पेट्रोल इंजिनातच जात होतं, हवेच्या मानाने जास्त जात होतं आणि अर्धवट जळत होतं. पण मी चालवली तेव्हा असं का झालं नाही, ते मला कळेना.

संध्याकाळी कागदाऐवजी मी निरोप दिला: गिअरबॉक्सचा आवाज ऐकायचा आहे, उद्या पापनाशमला तुमच्याबरोबर येतो. पापनाशमच्या दोन-तीन राइस मिलचं ऑडिट त्यांच्याकडे होतं. आठवड्यातून तीनदा ते जायचे.

सकाळी मी मागच्या सीटवर बसलो. मुरुगेसनने गाडी सुरू करून गरम केली. मग ऑडिटर बाहेर आले. नेसूचं धोतर कडक इस्त्रीचं, हातात मंजप्पै, म्हणजे इकडची पिवळी कापडी पिशवी. तिच्यात जेवणाचा डबा आणि पाण्याचा पितळी कूजा. ऑडिटर बाहेरचं पाणीसुद्धा पीत नसत. डबा सोवळ्याचा, त्यामुळे ती पिशवी पायाशी ठेवायची नाही आणि दुसऱ्या कुणी तिला शिवायचं नाही. मुरुगेसनने तर नाहीच नाही. ते पुढे बसले, दार लावलं आणि आम्ही निघालो.

गाव संपलं, दोन्ही बाजूंना भातशेती लागली. गाडी गरम होऊनही घुसमटत होती. मागून धुराचा वास यायला लागला. मुरुगेसनने आरशातून माझ्याकडे पाहिलं. मी पुढे वाकलो आणि डॅशबोर्डच्या मधोमध ती पिवळी पिशवी लोंबकळताना मला दिसली.

"राव, पिशवी कशाला अडकवलीत?"

"त्या बोंडाला. आत असलं की पिशवीचा बंद बसत नाहीं, म्हणून दोन बोटं ओढून घेतों."

"आणि उतरताना?"

"परत आत ढकलतों. वस्तू जिथली तिथं."

ते बोंड म्हणजे चोक. थंड इंजिनाला सकाळी जास्त पेट्रोल लागतं, जशी आपल्याला उठल्याबरोबर कॉफी लागते. तेवढ्यापुरता चोक ओढायचा आणि इंजिन गरम झालं की आत ढकलायचा. ऑडिटर तो ओढून पापनाशमला जात होते आणि ओढूनच परत येत होते. दिवसभर कॉफीच कॉफी.

"पूर्वी पिशवी कुठे असायची?"

"मागं. खिडकीवरच्या आकड्याला. पेट्रोल महाग झालं, तसा याच्यावर लक्ष ठेवायला पुढं बसूं लागलों." बोलता बोलता त्यांचा आवाज बारीक झाला. माणूस आकडेमोडीत हुशार. पिशवी पुढे येऊन चार महिने, मायलेज घसरूनही चार महिने.

मुरुगेसनने न विचारता गाडी कालव्याकाठी बाजूला घेतली. मी चोक काय ते सांगितलं. ऑडिटरांनी पिशवी उचलून मांडीवर घेतली आणि चोक आत ढकलला. इंजिनाची घरघर थांबली, उभ्या गाडीत ते एका लयीत चालू राहिलं. मुरुगेसनने तरीही त्या बोंडाकडे पाहिलं नाही. पिशवी असते तिकडे बघायचंसुद्धा नाही, हे त्याने इतकी वर्षं पाळलं होतं, म्हणून तर इतका पक्का ड्रायव्हर असून त्याला ते दिसलं नव्हतं.

ऑडिटर माझ्याकडे वळले आणि हलक्या आवाजात म्हणाले, "सेतुराव, याला हें सांगायचं नक्को. कार्ब्युरेटरचा दोष होता म्हणून सांगा."

"राव, त्याला मराठी कळतं."

"केव्हांपासून?"

"पहिल्यापासून," मुरुगेसन म्हणाला.

मागून कुंभकोणमची बस हॉर्न वाजवत निघून गेली. पंधरा वर्षांत त्या गाडीत काय काय बोललं गेलं, ते बहुधा ऑडिटरांच्या डोळ्यांसमोरून जात असावं. शेवटी ते तमिळमध्ये म्हणाले, "मुरुगेसा, जाऊ दे. चल."

मुरुगेसनने गिअर टाकला नाही. दोन्ही हात स्टिअरिंगवर ठेवून, समोर बघत, अगदी अदबीने तो म्हणाला, "चोर म्हणून मराठींत सांगितलंत, सार. नाहीं म्हणूनही मराठींतच सांगा."

मला वाटलं, आता याची नोकरी खरोखरच जाणार. व्यंकोबाराव तापट म्हणून गावात प्रसिद्ध होते. पण ते खरे ऑडिटर होते. चूक सापडली की ती स्वतःची असली तरी दुरुस्त केल्याशिवाय त्यांना जेवण जात नसे. ते माझ्याकडे बघत म्हणाले, "मुरुगेसन चोर नाहीं. चूक माझी." मुरुगेसन थांबून राहिला. मग ते त्याच्याकडे वळले आणि तेच पुन्हा म्हणाले, या वेळी त्याच्या तोंडाकडे बघून. "सेरी, सार," म्हणजे ठीक आहे, असं म्हणून त्याने गाडी काढली. मागे बसून मला फार बरं वाटलं.

त्या महिन्यात गाडीने साडेनऊ दिले. ऑडिटर पुन्हा मागच्या सीटवर गेले. मुरुगेसन आणखी अकरा वर्षं त्यांच्याकडे होता. गाडी विकली तेव्हाच तो घरी बसला.

लोक मला अजून विचारतात, पेट्रोल वाचवायला काय करावं? मी सांगतो, टायरमध्ये हवा ठेवा, क्लचवर पाय ठेवून चालवू नका, एवढं पुरे. माझ्यापुरता मात्र मी तेव्हापासून दोन गोष्टी पाळल्या. मालक गाडीत बसल्याशिवाय मायलेजची टेस्ट घेतली नाही. आणि समोरच्या माणसाविषयी काही बोलायचं असलं, तर त्याच्याच भाषेत बोललो.