आमच्या खोलीत नुसतं रडत नाहीत

गर्भपातानंतर ज्यांना मन मोकळं करायचं असतं त्यांच्याशी बोलायचं, हे माझं काम. कोल्हापुरातल्या एका दवाखान्यात, एक्स-रेच्या शेजारी माझी खोली. लोकांना वाटतं, तिथं दिवसभर रडारड! अहो, ती असतेच. पण बारा वर्षांत किस्से इतके साठलेत, की नावं-गावं बदलून कुणाला तरी सांगितल्याशिवाय राहवत नाही.

चहा द्यायला आणि मधेच बोलायला हौसामावशी. मधे बोलू नका, असं मी त्यांना शंभरदा सांगितलंय.

*

माझा नंबर कुणी खऱ्या नावानं सेव्ह करत नाही. मी कुणाची 'पार्लर', कुणाची 'भिशी'. एकदा एका बाईच्या नवऱ्याचाच फोन आला. "मिरची कांडप न्हवं? पाच किलो ब्याडगी हाय, कवा आणू?"

बायकोनं मला 'मिरची कांडप' म्हणून सेव्ह केलेलं! म्हटलं, "मशीन बंद आहे, दादा!"

मावशी खवळल्या. "घ्यायची की! मी आणली असती कांडून!"

*

इंजिनिअरिंगची एक मुलगी आली. "मॅम, मला वाईटच वाटत नाहीये. उलट सुटल्यासारखं वाटतंय. माझ्यात काही प्रॉब्लेम आहे का?"

मी शास्त्रशुद्ध उत्तराची जुळवाजुळव करतेय, तोवर मावशी चहा ठेवत म्हणाल्या, "बरं वाटतंय तर वाटू दे की! त्याला काय अर्ज भरायचाय व्हय?"

पोरगी खुदकन हसली. माझं उत्तरही तेच होतं, फक्त पंधरा मिनिटांचं.

*

एक पैलवान बायकोला घेऊन आला. गडी दारात मावेना. बायको शांतपणे बोलली, पाणी प्यायली. तेवढ्यात शेजारच्या खुर्चीतून हुंदका! "रडा पावणं, लाजू नका," म्हणत मावशींनी टिश्यूचा अख्खा डबाच त्याच्या मांडीवर ठेवला.

बायको पिशवी घेऊन उठली. "मॅडम, माझं झालं. आता ह्यांचं बघा, मी तवर भाजी आणते."

*

शिरोळची रूपाली मात्र कधी हसायची नाही. पदरात दोन मुलं, तिसरं नको असं नवरा-बायकोनं मिळून ठरवलेलं. सासूला पत्ता नाही. "कणकण हाय" एवढंच घरी सांगून पोरगी तिसऱ्या दिवशी म्हशीची धार काढायला बसली होती! "आत्तींना कळलं तर माझं तोंड बघणार न्हाईत," हे दर खेपेला. सासूवर जीव होता तिचा, म्हणून तर लपवणं सोसवेना.

महिन्याभरानं म्हणाली, "सांगते आज. काय व्हायचं ते होऊ दे."

नंतर दोन दिवस फोन लागेना. मी जाम घाबरले. आपण हिला थांबवायला हवं होतं, असं सारखं वाटत राहिलं.

तिसऱ्या दिवशी दारात सासूबाई! मागं रूपाली, मान खाली. "मॅडम तुम्हीच व्हय?" आवाज असा, की बाहेरची रांग गप्प झाली.

त्यांनी पिशवीतून स्टीलचा डबा काढून टेबलावर आदळला. आत डिंकाचे लाडू.

"मूल न्हाय झालं म्हणून काय अंग दुखत न्हाय? धार काढत बसली येडी! मला सांगायचं न्हाय व्हय? बाळंतिणीवाणी सव्वा महिना खायाचं, सांगा हिला."

रूपाली रडत होती की हसत होती, तिलाच ठाऊक. मी मात्र रडले.

मावशींनी पिशवीत डोकावून पाहिलं. "आन् ह्यो दुसरा डबा कुणाचा?"

"माझा," सासूबाई खुर्चीत टेकत म्हणाल्या. "पस्तीस वर्सं झाली. तवा मला कुणी दिलं न्हाई."