सड्यावरचे सात गुंठे

निवृत्त झाल्यावर मी दफनाच्या जागांची वही सुरू केली. जिथे माणसं पुरतात ती प्रत्येक जागा त्या वहीत यावी असा बेत होता. कबरस्ताने, ख्रिस्ती दफनभूमी, जंगमांच्या समाधीच्या जागा आणि आमच्या गावोगावच्या लहान मुलांना पुरण्याच्या जागा. त्या सगळ्या गावांत असतात, पण कागदावर फारच थोड्या. नोकरीत मी भूकरमापक होतो, लोकांच्या भाषेत मोजणीवाला. शेतांच्या हद्दी मोजून नकाशे काढण्यात उभा जन्म गेला. त्यामुळे घरात कोणाला या वहीचं फारसं नवल वाटलं नाही. फक्त बायको म्हणाली, "लोक म्हातारपणी काशीला जातात. तुम्ही मसणात चाललात, तेही मोजायला."

आता मोजणीची साखळी नव्हती, शेतात उभं करून नकाशा काढायचं टेबल नव्हतं. मी पावलांनी मोजत असे. तरुणपणी माझं पाऊल अडीच फुटांचं होतं. आता दोनवर आलंय. तेवढा फरक धरून हिशेब करायचो. मिरकरवाड्याच्या बंदरावर जाळी दुरुस्त करत बसलेल्या म्हाताऱ्यांना विचारून किनाऱ्यालगतची एक जागा नोंदली. केळशीपर्यंत गेलो. तिथे समुद्राची वाळू सरकत सरकत थडग्यांवर आली होती, तेव्हा हाताने वाळू बाजूला करून दगड मोजले. आठवड्यातून तीन-चार दिवस एसटीने बाहेर. घरी असलो की दुसऱ्या दिवशीच्या गाडीची वेळ बघत बसायचो. एका जागी दोन तास बसलो की पायांना मुंग्या आल्यासारखं व्हायचं. डॉक्टरने साखर तपासली. साखर ठीक होती.

वहीत प्रत्येक गावाला एक पान. पालीच्या पुढच्या एका गावाचं पान मी कोरं ठेवलं होतं. गावाचं नाव मात्र वर लिहिलं होतं. बाकी एकशे चौदा पानं भरली, ते एक भरलं नाही. त्या गावावरून जाणारी गाडी पालीच्या स्टँडवर उभी असायची, आणि मी दुसऱ्या गाडीत चढायचो.

आता त्या पानाविषयी.

बत्तीस-तेहेतीस वर्षांपूर्वीची गोष्ट. त्या गावात एका खातेदाराच्या जमिनीची मोजणी माझ्याकडे आली. भावाभावांत वाटण्या होत्या. जमीन गावाच्या वरच्या अंगाला, सड्यावर. सडा म्हणजे आमच्याकडचं जांभ्याचं पठार; वर कातळ, मध्ये मध्ये वीतभर माती. मोजणीत एक शब्द आहे, पोटखराब. शेतातला जो तुकडा पिकाला चालत नाही तो पोटखराब. त्याचे दोन वर्ग. नुसता कातळ, खडक असेल तर वर्ग अ. रस्ता, ओढा, स्मशान अशी लोकांच्या वापराची जागा असेल तर वर्ग ब. अ वर्गाची जमीन मालक पुढेमागे फोडून लागवडीखाली आणू शकतो. ब वर्गाला त्याला हात लावता येत नाही. हा फरक मला झोपेतसुद्धा सांगता आला असता.

मार्च संपत आला होता. खातेदार हद्द दाखवत पुढे, मी टेबल घेऊन मागे. सड्याच्या कडेला आंजणीची झुडपं होती, त्यांच्याखाली मोकळी जागा. तिथे दहा-बारा ठिकाणी जांभ्याचे दगड पडले होते आणि काही दगडांवर करवंदीच्या वाळक्या काटेरी फांद्या. कोकणातल्या माणसाला हे सांगावं लागत नाही. दात न आलेलं मूल गेलं तर त्याला जाळत नाहीत, पुरतात, आणि कोल्ह्याने उकरू नये म्हणून वर दगड आणि काटे ठेवतात. पुरायला फक्त पुरुष जातात. आई दारात बसून राहते. जागा कुठली ते तिला कोणी सांगत नाही, तीही विचारत नाही.

तेवढ्यात खालून एक बाई आली. तिशीची असेल. डोक्यावर पातेऱ्याचा, म्हणजे वाळक्या पानांचा भारा, पेरणीआधी भाताची रोपवाटिका भाजण्यासाठी गोळा केलेला. भारा तिने खाली टाकला आणि सरळ मला म्हणाली, "सायेब, हितं आमची पोरां हायत. ही जागा कोनाच्या वाटनीत घालू नका."

खातेदार म्हणाला, "गो, तुला काय म्हाईत? बायका कवा गेल्या थंय?"

"मी गेल्येय," ती म्हणाली. "माजी चेडू हाय त्या दगडाखाली. आषाढात गेली. पऱ्याला पूर, पलीकडच्या वाडीतला कोन येयना. घोव म्हमईला. मी आनि जावेनं नेली. माज्या हातानं पुरली."

खातेदार हसला. मोठ्याने, टाळी दिल्यासारखा हसला. म्हणाला, "आता बायका खड्डे खनायला लागल्या, लिवा सायेब!" आणि मी हसलो. मला विनोद कळला म्हणून नव्हे. ऊन तापलं होतं, तो यजमान होता, दुपारचं जेवण त्याच्या घरी होतं. मी त्याच्याकडे बघून हसलो आणि मग त्या बाईला विचारलं, "घरात पुरुष कोण आहे?"

"म्हमईला, सांगितला ना."

"मग ते आल्यावर अर्ज द्यायला सांगा."

जागा लोकवापराची आहे असं कोणी सांगितलं, तर मोजणीवाल्याने जबाब घ्यायचा असतो. बाईचा घेऊ नये असं कुठल्याही नियमात नव्हतं. पण आमच्यात तशी पद्धत नव्हती, आणि जबाब घ्यायचा म्हणजे पंच जमवा, पुन्हा एक दिवस जा. पावसाच्या आधी माझ्याकडे अजून नऊ मोजण्या होत्या. मी सात गुंठे लिहिले, पुढे पोटखराब, वर्ग अ. खातेदाराने सही केली. बाईने भारा उचलला. एकटीने उचलताना तो दोनदा घसरला. आम्ही दोघं उभे होतो, कोणी हात दिला नाही.

एवढंच झालं होतं. त्यानंतर मला कोणी जाब विचारला नाही, बढती वेळेवर झाली.

मागच्या फेब्रुवारीत पालीच्या स्टँडसमोर चहा पीत होतो. चहावाला कोणाला तरी सांगत होता की वरच्या गावात सड्यावर जेसीबी लागणार आहे. त्या जुन्या खातेदाराचा नातू मुंबईहून आलाय, सगळा कातळ फोडून काजू लावणार. मी ग्लास ठेवला. गाडी समोरच उभी होती. ती सुटेपर्यंत मी तिच्याभोवती तीन फेऱ्या मारल्या, आणि मग चढलो.

ती बाई अजून होती. साठी उलटलेली, काठी घेऊन चालणारी. अंगणात गेल्या सालची आमसुलं उन्हाला घातली होती, त्यांच्यावरच्या माशा हाकत बसली होती. मी कोण ते सांगितलं.

"वळखलंय," ती म्हणाली. "तेवा केस व्हते तुमचे."

मी उभाच होतो. तिने बसा म्हटलं नाही. मी म्हणालो, "मावशी, माझी चूक झाली. तुम्ही सांगितलं होतं, मी लिहिलं नाही."

"लिवला नाय ता एक झाला. तुमी हसलात." मग माशा हाकत हाकत तिने बाकीचं सांगितलं. खातेदाराने ती गोष्ट गावभर केली. बाईने मढं पुरलं. पुढच्या शिमग्याला पालखी वाडीत आली, सगळ्यांच्या दारात थांबली, तिच्या दारावरून पुढे गेली. त्याच्या पुढच्या वर्षीही तेच. नवरा मुंबईहून आला तो वर्षभर तिच्याशी बोलला नाही. "मी कोनाला सांगितला नव्हता वो," ती म्हणाली. "सासूलासुद्धा नाय. जागा जाईल म्हनून तुमाला सांगितला."

हे मला माहीत नव्हतं. माहीत असतं तर मी आधी आलो असतो, असं म्हणायचा मोह होतो. पण मी आलो नसतो.

मी म्हणालो, "आता दुरुस्ती होऊ शकते. अर्ज करू. फक्त तुम्हाला पुन्हा सगळं सांगावं लागेल."

"मी एकदा सांगितला," ती म्हणाली. "आता तुमी सांगा. हितं माज्या अंगनात नको. गावाच्या समोर."

एक मेच्या ग्रामसभेला मुंबईकर घरी असतात. शाळेच्या व्हरांड्यात सत्तर-ऐंशी माणसं. एप्रिलभर मी कागद गोळा करत होतो. जुन्या टिपणाची नक्कल, मोजणीची नक्कल, माझ्याच अक्षरातला तो अ. घरी बायकोला सगळं सांगितलं. तिने तो कागद हातात घेऊन बघितला. मग म्हणाली, "म्हणून एवढे फिरत होतात?" आणि माझा धुतलेला शर्ट काढून ठेवला.

सभेत मी उभा राहिलो आणि सांगितलं. बाईने काय सांगितलं, कोण हसलं, मी काय लिहिलं. मागून एकजण ओरडला, "इतकी वर्सां काय शाई संपली व्हती काय?" लोक हसले. मीही मान हलवली. बरोबरच होतं त्याचं.

खातेदाराचा नातू चाळिशीचा, शांत माणूस. तो म्हणाला, "काका, आजोबांची सही आहे, तुमची सही आहे. मी ते बघून कर्ज काढलं, जेसीबीवाल्याला सांगितलं. मग खोटं कोण?"

"मी," मी म्हणालो.

"आणि आजोबा?"

"त्यांनी हद्द दाखवली. लिहायचं काम माझं होतं."

तो खाली बसला. एक म्हातारा पुढे सरकून म्हणाला, "त्या मधल्या आंजनीखाली माजा एक हाय." दुसऱ्याने लगेच टोकलं, "मंग मोजनी झाली तेवा खंय व्हतास?" "म्हमईला!" पुन्हा हसू. त्या हसण्यात ती हसत नव्हती. ती खांबाला टेकून बसली होती आणि माझ्याकडे बघत होती. माझं संपल्यावर तिने काठी एका हातातून दुसऱ्या हातात घेतली. एवढंच.

ठराव झाला. नातवाने विरोध नोंदवला, पण जेसीबी फेरमोजणीपर्यंत थांबवला. त्याच्या जागी मी असतो तर थांबवला असता की नाही, सांगता येत नाही.

फेरमोजणीला पंचविशीतला मोजणीवाला आला. हातात उपग्रहावरून जागा दाखवणारं यंत्र, काठीवर लावलेलं. आम्ही दोन दिवस घालवायचो ते काम तो दोन तासांत करणार होता. मात्र त्यानेही सुरुवातीला तोच प्रश्न विचारला, जो मी आयुष्यभर विचारला: "जागा दाखवणार कोण?"

पुरुषांत वाद सुरू झाला. कोणी म्हणे हद्द पऱ्यापर्यंत, म्हणजे खालच्या ओढ्यापर्यंत, कोणी म्हणे आंजणीपर्यंतच. प्रत्येकाला आपापल्या दगडाचं ठाऊक, सगळ्या जागेचं कोणालाच नाही. ती काठी टेकत पुढे झाली. तिच्यामागून वाडीतल्या पाच-सहा बायका निघाल्या. त्यांतल्या दोघींची मुलंही तिथेच होती आणि त्या जागेवर त्या पहिल्यांदाच पाय ठेवत होत्या. त्यांतली एक मधेच थांबली आणि नवऱ्याकडे वळून म्हणाली, "खंयचा?" त्या माणसाने बोट दाखवलं. ती त्या दगडापाशी बसली. मोजणीवाला यंत्र धरून थांबून राहिला. पोरगा बरा होता.

म्हातारीने चारही कोपरे दाखवले. पूर्वेचा आंजणीचा बुंधा, मग कातळातली खोबण, मग पऱ्याची कड, आणि शेवटी एकटा पडलेला मोठा दगड. तो दाखवताना तिने त्याला काठी लावली नाही, हाताने दाखवला. मोजणीवाल्याने जबाबाच्या कागदावर तिचं नाव लिहिलं, खाली तिने सही केली. तिला सही येत होती. तेव्हाही येत असेल. मी विचारलंच नव्हतं. सात गुंठे आणि वर थोडं. तेव्हा मी लिहिलं होतं, क्षेत्र जवळजवळ तेवढंच निघालं.

मी वही काढली आणि कोऱ्या पानावर उभ्यानेच लिहायला लागलो. ती शेजारी येऊन उभी राहिली.

"आता सातबाऱ्यावर येयल ना?"

"येईल. वर्ग ब होईल, आणि इतर हक्कांच्या रकान्यात स्मशानभूमी अशी नोंद पडेल. वेळ लागेल. नातवाची हरकत आहे, तिची सुनावणी होईल."

"आनि मंग कोनाला पुसता येनार नाय?"

खोटं सांगणं सोपं होतं. तिला तेच ऐकायचंही होतं. मी म्हणालो, "येतं पुसता. संगणकावर उतरवताना राहून जातं, फेरफारात सुटतं. कोणी लक्ष ठेवलं नाही तर येतं."



"मंग ठेवा लक्ष," ती म्हणाली. "तुमाला काय दुसरा काम हाय?"

प्रकरण अजून तालुक्याच्या कचेरीत आहे. दोन तारखा पडल्या, दोन्हींना मी गेलो. मधल्या सोमवारीही जातो, तिथल्या कारकून बाईला फाईल कुठे आहे ते विचारतो. ती मला बघितलं की आधी कपाटाकडे बोट करते आणि मग हसते. मी कपाट उघडून बघतो. फाईल असते. ती आत ठेवून मी बाहेर येतो आणि पालीला जाणारी गाडी धरतो, कारण म्हातारीने सांगितलंय की कचेरीत गेलात की येऊन सांगायचं. अजून ती बसा म्हणत नाही. गेल्या वेळी मात्र, मी उभ्या उभ्या सगळं सांगत असताना, तिने आमसुलांची एक पुडी बांधली आणि पायरीवर ठेवून आत निघून गेली.