ओढ्याकाठचा साग

परवा औरंगपुऱ्यातल्या फर्निचरच्या दुकानात सागाची फळी कापत होते आणि त्या ताज्या भुशाच्या वासानं मला पिशोरजवळच्या डोंगरावरची एक दुपार आठवली. मी तेव्हा तिथं वनमजूर होतो. वाढती उष्णता आणि दुष्काळ डोंगरावरच्या झाडांना सोसवतो का, हे पाहायला एक संशोधक बाई आल्या होत्या. पोकळ गिरमिटानं खोडातून पेन्सिलीएवढी कांडी काढायची आणि तिच्यातली वाढीची वलयं बघायची. दुष्काळात वलय बारीक होतं. माथ्यावरचा साग खंगलेला निघाला, तर पाणी अडवायला तिथं चर खोदायचं ठरलं होतं. बाईंचा पाय मुरगळला, म्हणून गिरमिट माझ्याकडे देऊन त्या पायथ्याशी थांबल्या. ऊन रणरणत होतं, गुडघे दुखत होते. अर्ध्या वाटेवर ओढ्याकाठी करंजाच्या सावलीत मी टेकलो आणि तिथल्याच सागांच्या कांड्या काढल्या. “लवकर उतरलात, मामा! पंख फुटले का?” बाई हसल्या. “पायाखालची वाट हाय, ताई.” त्यांनी भिंग लावलं. “दुष्काळातही एवढी रुंद वलयं? माथ्यावरचीच ना ही?” “व्हय, माथ्यावरचीच.” “मग वर चर नकोत. ही झाडं तग धरतील,” त्या आनंदानं म्हणाल्या. चर दुसऱ्या डोंगरावर गेले. पुढच्या उन्हाळ्यांत माथ्यावरचा साग शेंड्यापासून वाळत गेला. बाईंनी फोन करून मलाच विचारलं, “मामा, माझं कुठं चुकलं हो?” मी म्हणालो, “पाऊसच नाय, ताई.” आज लिहून ठेवतो, त्यांचं काहीच चुकलं नव्हतं. त्या कांड्या ओढ्याकाठच्या होत्या. माथ्यावर मी गेलोच नव्हतो.