जळोचीतलं लंडन

मी लंडनला दोनदा गेलो. पहिल्यांदा जळोचीपर्यंतच पोचलो.

त्याआधी इंदापूरच्या कोर्टात मी एका वयस्कर वकीलसाहेबांच्या हाताखाली काम केलं. फाइली उचलल्या, तारखा घेतल्या, शिव्या खाल्ल्या आणि त्यातच वकिली शिकलो. नवा पक्षकार आला की साहेबांचं पहिलं वाक्य ठरलेलं असे, "डॉक्टर आन् वकिलापासून काय लपवायचं न्हाय." लंडनच्या एका कंपनीत करार तपासायची नोकरी निघाली, तेव्हा त्यांनीच मागे लागून मला अर्ज करायला लावला.

करार तपासतो म्हणजे नक्की काय करतो, हे निमगाव केतकीत कुणाला समजावणार? अब्बांच्या कापडाच्या दुकानासमोर मित्रांनी फ्लेक्स लावला, 'लंडनच्या कोर्टात आपला वकील'. त्यावर काळ्या कोटातला मी आणि मागे आयफेल टॉवर. फ्लेक्सवाल्याकडे परदेश म्हणून तेवढा एकच होता. मग सत्कार सुरू झाले. शाली इतक्या जमल्या की अब्बांना दुकानात नवा माल भरायची गरज उरली नाही. फक्त व्हिसा आला नव्हता. तो आज-उद्या येतोच, या भरवशावर हा सगळा गाजावाजा चालला होता.

निघायचा दिवस उजाडला तरी व्हिसाचा पत्ता नाही. पण गाव दारात जमलेलं, हार गळ्यात पडलेले. अब्बा कानाशी येऊन म्हणाले, "आता माघार न्हाय. आपाकडं जा." जीप थाटात निघाली आणि बारामतीच्या कडेला, जळोचीत, माझ्या थोरल्या बहिणीच्या दारात थांबली. हार तिच्या शेळीनं खाल्ले.

असा माझा परदेशातला मुक्काम सुरू झाला. दिवसा बाहेर पडायची सोय नव्हती, कारण काही ना काही कामानं निमगावचं कुणीतरी बारामतीत असतंच. अब्बांच्या शेजारचे तात्या हौसेनं व्हिडिओ कॉल करत. मग मे महिन्याच्या उकाड्यात मी स्वेटर चढवून पांढऱ्या भिंतीला टेकून बसे. एकदा नेमकी बाहेरून भाजीवाली ओरडली, "गवाऽर, भेंडीऽ!" मी घाईनं फोनवर तळहात दाबला. तात्या मात्र खूश. "तितं बी आपलीच भाजी मिळती व्हय? लई भारी देश हाय!" आपा स्वयंपाकघरात तोंडात ओढणी कोंबून हसत होती. अब्बांची अख्ख्या गावातली अब्रू त्या एका स्वेटरवर टिकून होती.

एके दुपारी साहेबांचा फोन आला. आवाज पार खोल गेला होता.

"बरं वाटत न्हाय रं. जमलं तर येऊन जा."

"साहेब, एवढ्या लांबून कसं जमणार?"

ते म्हणाले, "व्हय. लांब हाय खरं. काम नीट कर."

फोन ठेवल्यावर मला रडू आवरेना. व्हिसा आला की निघण्याआधी इंदापूरला जाऊन यायचं, असं मी ठरवलं. ठरवायला काय जातं?

व्हिसा यायच्या आधी साहेब गेले. तेव्हा मात्र मी उठलो, तोंडाला रुमाल बांधला आणि इंदापूरची एसटी धरली. बिंग फुटेल, अब्बांना मान वर काढता येणार नाही, सगळं कळत होतं. तरी निघालो. निमगावला गाडी थांबली ती नेमकी आमच्या फ्लेक्ससमोर. वर मी हसत होतो, खिडकीत मी घाम पुसत होतो.

साहेबांच्या अंगणात रुमाल सोडला. सगळ्यात आधी तात्याच धावत आले. आता चारचौघांत शोभा होणार, म्हणून मी डोळे मिटले.

"आरं, लंडनवरनं आला! साहेबांच्या मातीला इमानानं आला! शिष्य असावा तर असा!"

लोकांनी बाजूला होऊन वाट दिली. कुणी विमान कुठं उतरलं ते विचारलं, कुणी पाणी आणून दिलं. एक वकील तर माझा हात हातात घेऊन बराच वेळ उभे राहिले. अब्बा कोपऱ्यात होते. त्यांनी माझ्याकडे पाहिलंच नाही.

साहेबांच्या पत्नी, आमच्या काकू, आत भिंतीला टेकून बसल्या होत्या. मी समोर बसलो. प्रवास कसा झाला, हे मात्र त्यांनी विचारलं नाही. त्या हळू आवाजात म्हणाल्या, "तू निघालास त्याच आठवड्यात तुझे अब्बा येऊन ह्यांना सगळं सांगून गेले. म्हणाले, वकिलापासून काय लपवायचं."

त्यांनी दाराकडे पाहिलं.

"तुला फोन केल्यापासून हे बारामतीची गाडी यायच्या वेळेला दार उघडं ठेवायला लावायचे. म्हणायचे, दीड तासाचा तर रस्ता हाय. येईल पोरगं."

बाहेर तात्या नव्यानं आलेल्या कुणाला तरी सांगत होते, "लई लांबनं आलंय बिचारं."